दुसरा अंगरखा

आमच्या धर्मग्रामातील एक मुलगी परिचारिकेच्या नोकरीसाठी मे महिन्यात डब्लिनला निघाली होती. निघण्यास दहा दिवस असताना तिच्या आईने आम्हांस घरी बोलावले. आशीर्वादासाठी बोलावले असावे असे समजून आम्ही पवित्र पाण्याची बाटली खिशात घालून गेलो. ओटीवर पाऊल ठेवले तो मध्येच एक भली मोठी बॅग आ वासून पडलेली, तिच्याभोवती कपड्यांचे ढीग, आणि वर आढ्याला वाडीतला ताणकाटा टांगलेला. विमान कंपनीची मर्यादा तेवीस किलोंची होती. काटा एकतीस दाखवीत होता. माउली म्हणाली, "फादर, तुम्ही तिकडे राहून आला आहात. आता तुम्हीच सांगा, यातले काय काढायचे?" मुलगी कोपऱ्यात उभी राहून हसत होती. वडील मात्र हसत नव्हते. परीक्षा, नोंदणी आणि व्हिसा यांपायी पतपेढीचे कर्ज डोक्यावर होते आणि त्यात या ढिगाऱ्याची भर पडली होती.

वरवर पाहता हा प्रश्न एका बॅगेचा. परंतु 'पुरेसे म्हणजे किती?' हा नीतिशास्त्रातील फार जुना प्रश्न त्या बॅगेत दडलेला आहे, असे आम्हांस वाटते. धनासंबंधी तो पुष्कळ विचारला गेला, अन्नासंबंधीही विचारला गेला. पण जेथील उद्याचा दिवस कसा असेल हे ठाऊक नाही, तेथे जाणाऱ्याने बरोबर किती न्यावे, या रूपात तो समोर आला की अधिक अडचणीचा होतो; कारण अशा वेळी लोभ आणि दूरदृष्टी यांचे चेहरे सारखेच दिसू लागतात.

आयर्लंडच्या उन्हाळ्याविषयी दोन शब्द सांगितल्यावाचून पुढचे ध्यानात येणार नाही. डब्लिन शहर ५३ अंश उत्तर अक्षांशावर, समुद्राकाठी वसले आहे. तेथे जुलै महिन्यात दुपारचे तापमान सरासरीने १९-२० अंश आणि रात्रीचे ११-१२ अंश. म्हणजे त्यांची जुलैतली रात्र आपल्या वसईतल्या जानेवारीच्या पहाटेहून थंड. त्या देशातील तापमानाचा उच्चांक म्हणून नोंदलेला आकडा ३३.३ अंश, तोही २६ जून १८८७ रोजीचा. आपल्याकडे एप्रिलातल्या साध्या दुपारी त्याची कोणी दखलही घेणार नाही. पावसाचे म्हणावे तर डब्लिनला वर्षभरात मिळून आठशे मिलिमीटरही पाऊस पडत नाही. मुंबईत एकट्या जुलैत त्याहून अधिक पडतो. पण आपला पाऊस मोठा असला तरी वचनाचा पक्का. मृगाच्या आगेमागे येतो, चार महिने राहतो आणि निरोप घेऊन जातो. त्यांचा पाऊस बारा महिने दारात घुटमळतो. अटलांटिक महासागरावरून कमी दाबाचे पट्टे एकामागून एक येत राहतात, आणि सकाळी ऊन, दहा वाजता झिमझिम, दुपारी बोचरा वारा आणि रात्री दहाच्या सुमारास पुन्हा लख्ख सूर्यास्त, असे सारे एकाच दिवसात उरकते. अशा ठिकाणी 'उन्हाळा' या शब्दाचे भाषांतर बरोबर होते, पण उन्हाळा मात्र तो नसतो.

हे आम्ही पुस्तकात वाचून सांगत नाही. २००९ च्या उन्हाळ्यात तेथील एका धर्मग्रामाचे फादर रजेवर गेले असता आठ आठवडे त्यांच्या जागी काम करण्यास आम्ही गेलो होतो. कॅलेंडरवरच्या शब्दावर विसंबून आम्ही अर्ध्या बाह्यांचे सहा सुती शर्ट, पांढरा झगा, चपलांचा जोड आणि एक लांब दांड्याची छत्री एवढे नेले. पहिल्याच आठवड्यात दफनविधीच्या वेळी समुद्राकडून असा वारा सुटला की छत्री उलटून तिचे कमळ झाले आणि भिजलेला झगा पायांना चिकटून बसला. मृतात्म्यासाठी प्रार्थना म्हणताना आमचे दात वाजत होते. ते दुःखामुळे, असा तेथील मंडळींचा समज झाला असल्यास आम्ही तो दूर केला नाही. दुसऱ्या दिवशी एक वृद्ध विधवा कागदी पिशवीतून आपल्या दिवंगत पतीचा लोकरी स्वेटर घेऊन आली. रंग शेवाळी, कोपरावर रफू केलेले. आम्ही ओशाळत तो घेतला आणि पुढे आठही आठवडे तो अंगावरून फारसा उतरलाच नाही.

तो प्रसंग मनात असल्यामुळे त्या ओटीवर आम्हांस प्रवचनाची सुरसुरी आली. प्रभूने शिष्यांना पाठवताना दोन अंगरखे घेऊ नका असे सांगितले होते, याची आम्ही आठवण दिली. (सेमिनरीत आमचे प्राध्यापक गमतीने म्हणत की, प्रवासाच्या यादीविषयी शुभवर्तमानकारांचेही एकमत नाही: मार्क वाहाणा आणि काठी घेऊ देतो, मत्तय तीही घेऊ देत नाही. पण दुसऱ्या अंगरख्याला दोघांचाही नकार आहे.) मग थोड्या आवेशातच आम्ही म्हटले, "अर्धे काढून टाका. काही कमी पडले तर देव कोणाच्या तरी हाताने पाठवतो. मला पाठवला होता." आणि स्वेटरची गोष्ट सांगितली.

माउलीने ती शांतपणे ऐकून घेतली. मग म्हणाली, "फादर, तुम्हांला त्या बाईने स्वेटर आणून दिला, कारण तुम्ही फादर होता. माझ्या पोरीला कोण आणून देणार?"

आम्हांस उत्तर सुचले नाही. खरे सांगायचे तर अजूनही पुरतेपणी सुचलेले नाही. धर्मगुरूच्या अपरिग्रहामागे एक मोठी संस्था उभी असते. तो कोठेही रिकाम्या हातांनी उतरला तरी त्याच्यासाठी एक खोली, एक ताट आणि चार आदराचे शब्द तयार असतात. एकतीस किलोंचा तो ढीग लोभाने रचलेला नव्हता. तो भयाने रचला होता, आणि त्या भयाच्या खाली माया होती. आम्ही व्यासपीठावरून लोभावर पुष्कळ बोलतो. पण साध्या घरांतून जे अधिकचे साठवले जाते, त्यातले बरेचसे भयापोटी असते, आणि भयाला लोभाचे औषध लागू पडत नाही. भ्यालेल्या माणसाला 'सोडून दे' म्हणणे सोपे. त्याला हवी असते ती कशाची तरी खात्री.

मग विश्वास आणि तरतूद यांची सांगड घालायची कशी? येथे आम्हांस संत थॉमस अक्वायनस यांचा आधार वाटला. पुढच्याची काळजी करावी की न करावी, या प्रश्नाचा विचार करताना ते म्हणतात की, प्रत्येक ऋतूची आपली अशी एक काळजी असते. उन्हाळ्यात कापणीची काळजी करावी, शरदात द्राक्षांच्या तोडणीची. जो उन्हाळ्यातच द्राक्षांची चिंता वाहू लागला, त्याने नको ते ओझे आधीच उचलले. या विचारात तरतुदीचा निषेध नाही. त्यांच्या मते तर दूरदृष्टी हे विवेकाचे प्रमुख अंग आहे. ते फक्त काळजीला तिची वेळ दाखवून देतात. स्वतः पौलाच्या नावाने असलेल्या पत्रातही, त्रोवसात कार्पाजवळ राहिलेला झगा घेऊन ये आणि हिवाळ्यापूर्वी ये, असा निरोप तिमथीला आहे. प्रेषितालाही थंडी वाजते. पण झगा त्याला हवा आहे तो हिवाळ्याच्या तोंडावर.

हा विचार घेऊन आम्ही पुन्हा ढिगाऱ्यापाशी बसलो, या वेळी प्रवचन न करता. सर्वांत वर बर्फात घालण्याचे एक जाडजूड जाकीट होते, सात हजारांचे, अजून पावतीसकट. ते द्राक्षांच्या तोडणीचे. नोव्हेंबर येईल तोवर मुलीच्या हाती पाच पगार पडलेले असतील, आणि तेथील थंडीला काय लागते हे तेथील दुकानदाराला मुंबईच्या दुकानदाराहून चांगले ठाऊक असेल. वडिलांनी ते उचलून बाजूला ठेवले आणि त्यांचा चेहरा त्या दिवशी प्रथमच सैल झाला. जीन्स चार होत्या. जाड सुती कापड पाणी धरून ठेवते आणि दमट हवेत लवकर वाळत नाही, म्हणून एक ठेवली. तिच्याऐवजी लवकर वाळणाऱ्या दोन पातळ विजारी. एका जाड कपड्यापेक्षा दोन-तीन पातळ कपडे एकावर एक बरे, कारण त्यांच्यामध्ये अडकलेली हवाच ऊब धरून ठेवते आणि ऊन पडले की एक काढून पिशवीत टाकता येतो. हे आम्ही समजावू लागलो तेव्हा माउलीने मध्येच थांबवले. "एका गोधडीपेक्षा दोन चादरी, हेच ना?" हेच. अंगालगत सुती, त्यावर लोकरीचे एखादे, आणि सर्वांवर टोपी असलेला हलका रेनकोट, की झाले. छत्रीला आम्ही अनुभवाने विरोध केला. आपल्या आजोबांची पिढी लावणीला जाताना छत्री नेत नसे; इरले घेत असे, कारण हात मोकळे हवेत आणि वारा आडवा येतो. टोपीचा रेनकोट म्हणजे तिकडचे इरलेच. शिवाय हॉस्पिटलात गणवेश असणार, म्हणजे आठवड्यातले निम्मे दिवस कपड्यांचा प्रश्नच नव्हता.

राहिले त्याविषयी आम्ही सुचवले की, तेथे संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीची जुन्या कपड्यांची दुकाने आहेत. लोकरीचे चांगले कपडे थोडक्या पैशांत मिळतात. माउलीचा चेहरा उतरला. "म्हणजे उतरण?" या शब्दाची बोच आम्ही जाणतो. आम्ही स्वतः दोन मोठ्या भावांच्या विजारी घालून शाळेत गेलो आहोत. त्या काळी त्यात लाज नव्हती, कारण देणारा घरचा होता. परक्याचा उतरलेला कपडा मात्र दान होतो, आणि दान अंगावर घालून मिरवणे कठीण. पण नव्या कोऱ्या स्वस्त कपड्याची तरी गोष्ट काय? २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ राना प्लाझा ही इमारत कोसळून तेथील शिलाई कारखान्यांतील अकराशेहून अधिक कामगार मेले. श्रीमंत देशांतील दुकानांसाठी ते स्वस्त कपडे शिवीत होते. त्यांच्या तुटपुंज्या पगाराविषयी पोप फ्रान्सिस यांनी १ मे रोजी फार कठोर शब्द वापरले होते. आपल्याला परवडले म्हणजे कोणाला तरी ते परवडले नव्हते, असेही असू शकते. त्या हिशेबाने कोणा आजोबांचा जुना स्वेटर फारच निर्मळ म्हणावा लागेल. हे आम्ही माउलीला बोलून दाखवले नाही. एका दिवसात एका घरात किती बोलावे, यालाही मर्यादा आहे.

काटा एकोणीसवर आला. आम्ही उठलो.

परतताना मनात एक गोष्ट सलू लागली. तो शेवाळी स्वेटर आमच्या कपाटात आजही आहे. डांबरगोळ्या घालून, आठवण म्हणून, इतकी वर्षे. वसईच्या थंडीत तो वर्षाकाठी दोन पहाटे वापरला तर वापरला. चौथ्या शतकातले संत बेसिल यांनी श्रीमंतांना सुनावले होते की, तुझ्या पेटीत पडून असलेला अंगरखा ज्याला अंगरखा नाही त्याचा आहे. हे वचन आम्ही उपवासकाळात कितीदा तरी सांगितले आहे, आणि सांगताना आमच्या डोळ्यांपुढे नेहमी दुसऱ्याचीच पेटी असे. स्वतःच्या दुसऱ्या अंगरख्याला आम्ही 'आठवण' हे नाव दिले होते. ज्या बाईने तो दिला तिनेही त्याला आठवण म्हणून जपता आले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या मिस्सानंतर तो घेऊन आम्ही त्या घरी गेलो. माउलीने हातात घेऊन उलटसुलट पाहिला, कोपरावरचे रफू पाहिले, वास घेतला आणि म्हणाली, "धुवायला हवा." उतरण हा शब्द तिने उच्चारला नाही. मुलगी म्हणाली, "फादर, रंग म्हाताऱ्यांचा आहे."

जूनच्या अखेरीस आम्ही त्या घरी असताना मुलीचा फोन आला. आईने गुपचूप बॅगेत सरकवलेली छत्री दुसऱ्याच दिवशी मोडली होती. जीन्स तीन दिवस वाळली नव्हती. स्वेटर उपयोगी पडला. सध्या तो खोलीतल्या केरळच्या मुलीकडे आहे, तिला रात्रपाळी आहे आणि तिने बरोबर काहीच आणलेले नाही.

माउली फोनमध्ये ओरडून विचारू लागली, "अगं, मग तू काय घालतेस?"