‘अज्ञात’ कोणाला म्हणायचे?

नाव ठाऊक नसलेल्या माणसासाठी मराठीत शब्दांची वाण नाही: निनावी, अनामिक, गुमनाम, अनोळखी, अज्ञात. बोलण्याच्या ओघात आपण त्यांतला कोणताही वापरतो. घडण पाहिली की मात्र त्यांचे अर्थ वेगळे होतात. निनावी आणि अनामिक हे शब्द ‘नाव’, ‘नाम’ यांवरून आले. नाव नाही, एवढेच ते सांगतात. ‘अज्ञात’ आला ‘ज्ञा’ म्हणजे जाणणे या धातूवरून. अज्ञात म्हणजे न जाणलेला. कोणी न जाणलेला? आपण. त्या माणसाला नाव असते, आईबापांनी ठेवलेले, गावाने हाकारलेले. उणीव असते ती आपल्या माहितीत.

पोलिसांच्या कागदात ‘अनोळखी इसम’ असे लिहितात. यातला ‘इसम’ मूळचा अरबी; अरबीत त्याचा अर्थच नाव. मराठीत येता येता नाव या अर्थाच्या शब्दाचा अर्थ माणूस झाला. माणूस म्हटला की नाव आलेच, हे भाषेने कधीच मान्य केले आहे.

जात्यावरच्या ओव्यांखाली आपण किती सहज ‘अज्ञात’ लिहितो! पहाटे उठून खुंटा धरायचा, मूठभर वैरण घालायची आणि दळता दळता ओवी गायची. त्या ओवीत भावाचे नाव येई, लेकाचे येई, विठ्ठलाचे तर येईच. गाणारीचे स्वतःचे क्वचित. संत जनाबाईचे नाव जात्याशी कायमचे जोडलेले आहे, पण तिने अभंगात आपली नाममुद्रा घातली, म्हणून सुमारे सातशे वर्षांनंतरही आपण तिला ओळखतो. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हते. मुलगा सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ यांनी गाणी ऐकून टिपून ठेवली. 1951 साली बहिणाबाई गेल्या आणि 1952 साली पुस्तक निघाले. ती टिपणे झाली नसती, तर एवढी मोठी कवयित्रीही ‘अज्ञात’ ठरली असती. प्रतिभा तीच राहिली असती, फक्त आपण करंटे ठरलो असतो.

हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हाँ यांनी गावोगाव जाऊन एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांच्या कामाचे मोठेपण आकड्याइतकेच एका शिस्तीत आहे: ओवीसोबत गाणारीचे नाव आणि गाव नोंदवायचे. विचारले, म्हणून नाव मिळाले.

ज्यांची नावे काळाच्या ओघात खरोखर हरवली, त्यांच्यापुढे ‘अज्ञात’ लिहिणे प्रामाणिकपणाचे आहे. जिथे विचारता येते, तिथे तोच शब्द लिहिणे हा आळस आहे. म्हणून आजीची ओवी, मावशीचा उखाणा, शेजारच्या काकूंनी सांगितलेली कहाणी वहीत उतरवून घ्याल, तेव्हा खाली त्यांचे पूर्ण नाव, गाव आणि तारीख लिहा.