जागा आणि ऋण

ज्याने आपल्यासाठी उमेदीची वर्षे खर्ची घातली, त्याला बाजूला करून त्याच्या जागी दुसऱ्याला आणणे हा अन्याय आहे काय? प्रश्न जुनाच आहे. घरात, दुकानात, संस्थेत, मशिदीच्या जमातीत तो वारंवार उभा राहतो आणि भिडेखातर आपण तो बहुधा टाळतो. आमच्यापुढे तो खेळाच्या मैदानावर उभा राहिला, आणि तेथे भीड नसल्यामुळे आम्हाला तो टाळता आला नाही.

आम्ही म्हणजे नोकरीनिमित्त अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात येऊन स्थिरावलेली काही मराठी मुसलमान कुटुंबे. येथला हिवाळा लांबलचक. त्या हिवाळ्यात गोरा, काळा, शेतकरी, डॉक्टर अशा सगळ्यांना एकत्र बांधणारी गोष्ट म्हणजे ग्रीन बे पॅकर्स हा फुटबॉलचा संघ. हा फुटबॉल आपल्याकडचा नव्हे. लांबट चेंडू हातात घेऊन पळायचे किंवा फेकायचा, आणि ज्याच्या हाती तो असेल त्याला अंगावर धावून जाऊन पाडायचे, असा हा खेळ आहे. प्रत्येक बाजूचे अकरा जण मैदानात असतात. पण चढाई करणाऱ्या बाजूचा जवळजवळ प्रत्येक डाव एकाच माणसाच्या हातून सुरू होतो. त्याला क्वार्टरबॅक म्हणतात. चेंडू कुणाकडे फेकायचा, की जवळच्याच्या हातात द्यायचा, हे त्याला दोन-तीन सेकंदांत ठरवावे लागते, आणि तेवढ्यात समोरचे धिप्पाड गडी त्याच्यावर चालून येत असतात. रविवारी दुपारी बारा वाजता सामना सुरू होतो. मध्यंतरात आम्ही जुहरची नमाज अदा करतो आणि उरलेला वेळ या एका माणसाने काय करायला हवे होते यावर वाद घालतो. 'आम्ही जिंकलो', 'आम्ही हरलो' असे म्हणतो. वास्तविक आम्ही सोफ्यावरून उठलेलोही नसतो.

तरी या 'आम्ही'ला ग्रीन बेमध्ये थोडाफार आधार आहे. हे शहर जेमतेम एक लाख सात हजार वस्तीचे. मांस डबाबंद करणाऱ्या एका कंपनीने गणवेशासाठी दिलेल्या पैशांतून १९१९ मध्ये हा संघ उभा राहिला आणि १९२३ पासून तो लोकांच्या भागभांडवलावर चालत आला आहे. या लीगमधले बाकीचे ३१ संघ धनिकांच्या मालकीचे आहेत. पॅकर्सचे मात्र पाच लाखांहून अधिक भागधारक आहेत. भागावर लाभांश मिळत नाही. नफा घेऊन तो विकता येत नाही. उद्या संघच विकायची वेळ आली तर येणारा पैसा धर्मादाय कामाला जाईल, अशी तरतूद आहे. २०२१ मध्ये सुरू झालेल्या विक्रीत एका भागाची किंमत ३०० डॉलर होती. आमच्यातल्या दोघांनी तो घेतला आणि कागद चौकटीत बसवून भिंतीवर लावला. हे सारे ऐकून आम्हाला आपल्या वक्फाची आठवण झाली. तेथेही मालमत्ता कुणा एकाची नसते, ती विकून खाता येत नाही, आणि कारभार मुतवल्लीच्या हाती असतो. पॅकर्सचे भागधारक संचालक मंडळासाठी मत देतात. पण संघात कोण राहणार आणि कोण जाणार, हे जनरल मॅनेजर ठरवतो. आम्ही फक्त ओरडू शकतो.

२००८ च्या उन्हाळ्यात आम्ही पुष्कळ ओरडलो. ब्रेट फार्व्ह १९९२ मध्ये पॅकर्सकडे आला. १९९५, १९९६ आणि १९९७ अशी सलग तीन वर्षे तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला; तिसऱ्या वर्षी हा मान विभागून मिळाला. जानेवारी १९९७ मध्ये त्याने संघाला सुपर बोल जिंकून दिला. १९९२ च्या सप्टेंबरपासून २०१० च्या डिसेंबरपर्यंत सलग २९७ साखळी सामन्यांत तो पहिल्या डावापासून मैदानात उतरला. अंगठा मोडला, घोटा सुजला, तरी उतरला. डिसेंबर २००३ मध्ये वडील वारले, आणि दुसऱ्याच दिवशी त्याने ३९९ यार्डांची फेक करून सामना जिंकला. ज्यांनी ती रात्र पाहिली त्यांना तो घरातलाच माणूस वाटू लागला.

मार्च २००८ मध्ये फार्व्हने रडत रडत निवृत्ती जाहीर केली. उन्हाळ्यात त्याचे मन पालटले. पण तोवर संघाने ॲरन रॉजर्सकडे जबाबदारी सोपवायचे ठरवले होते. रॉजर्सला २००५ मध्ये संघात घेतले होते आणि तीन हंगाम तो बाकावर बसून होता. फार्व्हला परत घेण्याऐवजी संघाने ऑगस्टमध्ये त्याला न्यूयॉर्क जेट्सकडे पाठवले. सरावाच्या मैदानावर रॉजर्सची काही प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. त्या पोराचा गुन्हा एवढाच होता की त्याची पाळी आली होती. आम्हीही घरात बसून त्याला नावे ठेवली. आमचे म्हणणे सोपे होते: ज्याने सोळा हंगाम दिले त्याला आणखी एक द्यायला काय हरकत होती? ही नमकहरामी नव्हे तर काय?

त्या हंगामात संघ सोळापैकी दहा सामने हरला, आणि आम्हाला वाटले की आमचेच खरे झाले. मग २००९ मध्ये फार्व्ह शेजारच्या मिनेसोटाच्या संघाकडून खेळू लागला. हा संघ पॅकर्सचा हाडवैरी. नोव्हेंबरमध्ये तो ग्रीन बेच्या मैदानावर उतरला, तेव्हा ज्या गर्दीने त्याला डोक्यावर घेतले होते तिनेच त्याची हुर्यो केली. आम्हीही केली. त्या दिवशी तो जिंकून गेला.

पुढे बऱ्याच काळाने आम्हाला कळले की पंधरा महिन्यांत आम्ही दोन चुका केल्या आणि त्या एकमेकींच्या उलट होत्या. आधी कृतज्ञतेपोटी आम्ही म्हणालो, जागा त्याचीच. आणि जागा गेल्यावर म्हणालो, आता कृतज्ञताही संपली. दोन्ही वेळी आम्ही जागा आणि ऋण यांची एकच मोट बांधली होती.

जागा ही अमानत आहे. ती ना माणसाची मिळकत, ना त्याच्या जुन्या सेवेचे बक्षीस. जो ती आज उत्तम सांभाळू शकेल, त्याच्या हाती ती सोपवावी. ऋण मात्र माणसाचे असते आणि ते फेडायचे असते ते आपल्या स्वतःच्या खिशातून: मानाने, आठवणीने, त्याच्या पडत्या काळातल्या सोबतीने. जागा देऊन ऋण फेडणारा दुसऱ्याच्याच पैशाने दानशूर होतो. संघात आणखी पन्नासएक जण असतात, त्यांचेही हंगाम मोजकेच असतात. तीन वर्षे मुकाट्याने बाकावर बसलेल्याचाही काही हक्क असतो. आमच्या औदार्याची किंमत त्यांनी मोजायची होती आणि आम्ही त्यांना विचारले नव्हते.

फेब्रुवारी २०११ मध्ये रॉजर्सने सुपर बोल जिंकून दिला, म्हणून २००८ चा निर्णय योग्य ठरला, असे आम्ही म्हणणार नाही. तसे असते तर दहा पराभवांच्या हंगामात तो अयोग्य ठरला असता. फळ आपल्या हाती नसते. निर्णय घेणाऱ्याची निय्यत काय होती आणि त्याने पारख प्रामाणिकपणे केली का, एवढेच तपासता येते.

याच वादात आमच्यातल्या एका बुजुर्गांनी हजरत खालिद बिन वलीद (रजि.) यांचा दाखला दिला. खेळाची आणि त्या काळाची बरोबरी करण्याचा त्यांचा हेतू नव्हता, आमचाही नाही. पण तत्त्व कळायला मदत झाली. खालिद (रजि.) यांच्यासारखा सेनापती त्या काळी दुसरा नव्हता. तरीही ६३४ मध्ये खिलाफतीची सूत्रे हाती घेतल्यावर हजरत उमर (रजि.) यांनी त्यांना शामच्या मोहिमेतील सरसेनापतिपदावरून दूर केले आणि हजरत अबू उबैदा (रजि.) यांना नेमले. इतिहासकारांनी याची अनेक कारणे दिली आहेत. त्यांतले एक असे की, विजय एका माणसामुळेच मिळतो अशी लोकांची समजूत होऊ लागली होती आणि ती उमर (रजि.) यांना मोडायची होती. बुजुर्गांनी आमचे लक्ष पुढच्या गोष्टीकडे वेधले. पद गेल्यावरही खालिद (रजि.) अबू उबैदांच्या हाताखाली लढत राहिले. अबू उबैदांनीही त्यांचा मान राखला. पद एकाकडून दुसऱ्याकडे गेले, माणसाची किंमत कमी झाली नाही. आमच्याकडे नेमके हेच झाले नव्हते.

यावर एक आक्षेप आमच्या मुलांनीच घेतला, आणि तो खरा आहे. 'जागा ही अमानत' हे वाक्य निर्दय व्यवस्थापनाच्या फार सोयीचे आहे. या लीगमध्ये उन्हाळी सरावाला प्रत्येक संघाकडे ९० खेळाडू असतात आणि ऑगस्टच्या अखेरीस यादी ५३ वर आणावी लागते. म्हणजे ३२ संघांतून जवळपास बाराशे तरुण काही दिवसांतच यादीबाहेर पडतात. काहींना सराव-पथकात जागा मिळते, बाकीचे सामान बांधून घरी जातात. पगारांवर एकूण मर्यादा असल्यामुळे तिशी ओलांडलेला जायबंदी खेळाडू हिशेबाच्या वहीत नुसता खर्च म्हणून उरतो. येथे अमानत कोणती आणि ऋण कोणते?

उत्तर असे की अमानत दोन्ही बाजूंना बांधते. ज्याच्या हाती काढण्याचा अधिकार आहे त्याने समोर बसून सांगितले पाहिजे, कारण सांगितले पाहिजे, आणि देणे वेळेवर चुकते केले पाहिजे. कष्टकऱ्याच्या मोबदल्याविषयी आपल्याला मिळालेली शिकवण वाचकांना ठाऊकच आहे. गंमत म्हणजे हे बोलून दाखवले ते त्याच रॉजर्सने. एप्रिल २०२० मध्ये संघाने जॉर्डन लव्ह या तरुण क्वार्टरबॅकला निवडले, तेव्हा रॉजर्सच्या वाट्याला फार्व्हची जागा आली होती. जुलै २०२१ मध्ये पत्रकारांसमोर बसून त्याने संघाबाहेर गेलेल्या जुन्या सहकाऱ्यांची नावे घेतली आणि त्यांना जाताना योग्य मान मिळाला नाही, अशी खंत व्यक्त केली. ती नावे ऐकताना आम्हाला लाज वाटली. त्यांतल्या कितीजणांच्या जाण्याकडे आमचे लक्षही गेले नव्हते! क्वार्टरबॅकसाठी आम्ही वर्षभर भांडलो आणि बाकीच्यांना बातमीच्या एका ओळीत निरोप दिला.

एप्रिल २०२३ मध्ये रॉजर्सही न्यूयॉर्क जेट्सकडे गेला. या वेळी आमच्या घरांत आरडाओरडा झाला नाही. त्या सप्टेंबरात जेट्सकडून पहिल्याच सामन्यात, अवघ्या चार डावांत, त्याच्या टाचेची शीर तुटली. आमच्यातल्या एका मुलाने तेव्हा टाळी वाजवली. त्याच्या आईने त्याला खोलीतून उठवले. आम्ही काही शिकलो असू तर ते एवढेच.

राहता राहिला ऋणाचा सर्वांत जड भाग. जुलै २०१५ मध्ये ग्रीन बेने फार्व्हचा ४ हा आकडा सन्मानाने निवृत्त केला. साठ हजारांहून अधिक लोक मैदानात आले, आणि २००९ ची हुर्यो थोडीफार धुतली गेली. पण सप्टेंबर २०२४ मध्ये आपल्याला पार्किन्सनचा आजार असल्याचे त्याने अमेरिकी संसदेच्या समितीपुढे सांगितले. हा आजार खेळातल्या आघातांमुळेच झाला, असे कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. तरी डोक्यावर किती आघात झाले याची मोजदादच नाही, हे त्याने स्वतः पूर्वी सांगितलेले आहे. ते २९७ सामने आम्हाला आठवले. मोडलेल्या अंगठ्याने तो उतरला तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. 'आज बस, विश्रांती घे' असे आमच्यापैकी एकाच्याही तोंडून निघाले नव्हते. त्याने आणखी एक हंगाम खेळावे म्हणून आम्ही जे भांडलो, ते त्याच्यासाठी की आमच्या रविवारसाठी?

हे सारे दूरदेशीच्या खेळाचे झाले. पण आम्ही सुट्टीत गावी येतो तेव्हा हाच सामना वेगळ्या मैदानावर पाहतो. एखाद्या संस्थेचे अध्यक्ष पंचवीस-तीस वर्षे तेच असतात. त्यांनी उन्हातान्हात फिरून वर्गणी जमवली, शाळेची इमारत उभी केली, हे खरेच असते. आता त्यांना हिशेब उमगत नाही, मुलींच्या वसतिगृहाचा अर्ज दोन वर्षे पडून राहतो, शिकलेली तरुण मुले-मुली दारात उभी असतात. सगळ्यांना हे दिसते आणि सगळे म्हणतात, 'त्यांचे फार उपकार आहेत, कसे सांगायचे?' मग एखाद्या दिवशी कोणीतरी कोर्टात जातो, पॅनेल पडते, आणि ज्यांना काल सलाम करत होतो त्यांच्या घरावरून आपण मान वळवून जाऊ लागतो. आम्ही ग्रीन बेला केलेल्या त्याच दोन चुका, त्याच क्रमाने.

त्या अध्यक्षांकडे वेळेवर जाऊन, समोर बसून, अदबीने सांगता आले असते की, चाचा, आता ही अमानत दुसऱ्याच्या हाती द्यायची वेळ झाली आहे. आणि मग दर ईदला, त्यांच्या आजारपणात, त्यांच्या एकटेपणात त्यांच्या घरी जाता आले असते. यातली पहिली गोष्ट कठीण आहे, म्हणून आपण ती करत नाही. दुसरी सोपी आहे, तरीही आपण ती करत नाही. वसतिगृहाचा अर्ज मात्र अजून पडून आहे.