भाकितं पुरे, सवयी वाचा

डिजिटल संस्कृती शिकवायला विज्ञानकथा निवडणाऱ्या प्राध्यापकाला पहिला मोह होतो तो भाकितांचा. कुणी काय आधीच लिहून ठेवलं होतं, याची यादी फळ्यावर मांडली की तास रंगतो. या मोहाला परंपराही आहे. ह्यूगो गर्न्सबॅकने १९२६ साली ‘अमेझिंग स्टोरीज’ मासिक काढलं, तेव्हा कथेनं रंजन करता करता विज्ञान शिकवावं आणि पुढचंही दाखवावं, अशी त्याची अपेक्षा होती. आपल्याकडे मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या विज्ञानकथा स्पर्धेत जयंत नारळीकरांची ‘कृष्णविवर’ पहिली आली. तिच्यामागेही विज्ञानप्रसाराची तळमळ होती. विज्ञान समजावण्यासाठी ही वाट चांगलीच. पण मोबाइल कसा चालतो हे न कळल्यामुळे आपलं काही अडत नाही. तो नसला की अडतं, ते का, हे शिकवायचं आहे.

इथे समीक्षक डार्को सुविन उपयोगी पडतो. विज्ञानकथा ओळखीचं जग तर्काला धरून परकं करून दाखवते, अशी मांडणी त्यानं १९७० च्या दशकात केली. ती मानली की भाकीत चुकलं की बरोबर, याला फारसं महत्त्व उरत नाही.

पुढे कथा आणि तंत्रज्ञान यांचं नातं उलटंही फिरलं. जॉन ब्रनरनं १९७५ च्या ‘द शॉकवेव्ह रायडर’मध्ये नेटवर्कभर सरपटणारा प्रोग्रॅम रंगवला, झेरॉक्सच्या संशोधकांनी आपल्या प्रयोगासाठी ‘वर्म’ हे नाव तिथूनच उचललं. नील स्टीफन्सननं १९९२ च्या कादंबरीत मेटाव्हर्स लिहिलं ते कंपन्यांनी वाटून घेतलेल्या, विस्कटलेल्या अमेरिकेत. २०२१ मध्ये फेसबुकच्या कंपनीनं ‘मेटा’ हे नाव घेतलं, मेटाव्हर्सचं स्वप्नही घेतलं; उपहास तेवढा कादंबरीतच राहिला. यंत्रं बनवणारेही कथा वाचतात आणि सोयीचं तेवढंच वाचतात, हे विद्यार्थ्यांना कळायला हवं.

तरी वर्गात मी नेईन त्या कथा याहून जुन्या. ई. एम. फॉर्स्टरच्या ‘द मशीन स्टॉप्स’मध्ये (१९०९) माणसं जमिनीखालच्या खोल्यांत एकेकटी राहतात. मुलगा पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाहून आईला प्रत्यक्ष भेटायला बोलावतो. तिला ते बोलावणंच विचित्र वाटतं. त्याच्याशी बोलण्यापुरती ती बाकीची यंत्रणा काही मिनिटं बंद ठेवते. पुन्हा सुरू करताच साठलेल्या निरोपांचा आणि प्रश्नांचा नुसता कल्लोळ. एकदा विद्यार्थ्यांना हा प्रसंग वाचायला द्या. टीप द्यावी लागणार नाही.

मरे लिन्स्टरची ‘अ लॉजिक नेम्ड जो’ (१९४६) तर विनोदी कथा. घरोघरी पडदा आणि कळा असलेली ‘लॉजिक’ नावाची यंत्रं आहेत. त्यांतलं एक बिघडतं आणि सगळ्या यंत्रांमधून, विचारेल त्याला, विचारेल ते सांगू लागतं : बायकोचा काटा कसा काढावा, बँक कशी लुटावी. मग सरळ बंद का करत नाहीत? कारण बँका, दळणवळण, सगळा कारभार त्याच यंत्रणेवर चालतो. बंद करायचं बटण आहे, पण ते दाबणं कुणालाच परवडत नाही. मला या विषयाचा गाभा इथं दिसतो.

कादंबरीकार गिब्सनचं ‘न्यूरोमान्सर’ (१९८४) थोर आहेच, पण पहिल्याच आठवड्यात दिलं तर मुलं त्याच्या भाषेतच अडकतील. अभ्यासक्रम आखणाऱ्यांनी सुरुवात लिन्स्टरपासून करावी आणि ‘यातलं काय खरं ठरलं?’ हा प्रश्न परीक्षेत विचारू नये.