न वाचणाऱ्यांचे येणे

वर्तमानपत्र कोणासाठी असते? जो विकत घेतो त्याच्यासाठी, हे सोपे उत्तर. सर्वसाधारण दैनिकाबाबत ते आपल्याला अपुरे वाटते. दुष्काळाची बातमी दुष्काळग्रस्ताने वाचली नाही तरी ती नीट छापली जावी, अशी आपली अपेक्षा असते. अर्थविषयक दैनिकाबाबत मात्र आपण हे उत्तर मुकाट्याने मान्य केलेले असते. ज्याचा पैसा बाजारात आहे त्याने ते वाचावे, बाकीच्यांचा संबंध नाही. पण जो हे पत्र कधीच हातात घेणार नाही, आणि तरीही ज्याचे आयुष्य त्यातल्या एखाद्या आकड्यात दडलेले असते, त्याचे या पत्राकडे काही येणे निघते की नाही?

देवनहळ्ळीपासून सुरुवात करू. बंगळूरच्या उत्तरेचे हे गाव टिपू सुलतानाचे जन्मस्थान. इथल्या पपनसांना भौगोलिक मानांकन आहे. मे २००८मध्ये इथला विमानतळ सुरू झाला आणि आसपासच्या रानाला शहरी भाव आला. पुढे चन्नरायपट्टण होबळीतल्या १३ गावांची १,७७७ एकर जमीन विमान-उद्योगासाठी संपादित करण्याची प्रक्रिया सुरू झाली. २०२२पासून तीन वर्षांहून अधिक काळ शेतकरी धरणे धरून बसले. १५ जुलै २०२५ रोजी मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी हे संपादन सोडून देत असल्याचे जाहीर केले. त्याच दिवशी आंध्र प्रदेशचे मंत्री नारा लोकेश यांनी विमान-उद्योगाला आपल्या राज्यात येण्याचे जाहीर आमंत्रण दिले.

अर्थपत्राच्या परिभाषेत ही बातमी ‘गुंतवणुकीसाठी राज्यांमधली स्पर्धा’ या मथळ्याखाली बसते. त्यात खोटे काही नाही. कर्नाटकाने जमीन गमावली, आंध्राने संधी साधली. पण या वाक्यातला ‘कर्नाटक’ म्हणजे कोण? धरण्यावर बसलेला माणूसही कर्नाटकच होता, आणि त्याने जमीन गमावली नाही, राखली.

ही परिभाषा कुठून आली ते पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागते. ३ नोव्हेंबर १८३८ रोजी मुंबईत ‘बॉम्बे टाइम्स अँड जर्नल ऑफ कॉमर्स’ निघाले, आठवड्यातून दोनदा. १८५०मध्ये ते दैनिक झाले आणि १८६१मध्ये त्याचे ‘टाइम्स ऑफ इंडिया’ झाले. व्यापार हा शब्द त्याच्या जन्मनावातच होता. कोणते जहाज बंदराला लागले, कापसाचा भाव काय, हे आधी कळणे म्हणजेच भांडवल होते. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचे दिवस आले, बॅक बेच्या भरावाचे समभाग गगनाला भिडले, आणि १८६५मध्ये युद्ध संपल्याची बातमी येताच सारे कोसळले. बातमीनेच शहर चढवले, बातमीनेच उतरवले. मात्र ज्याने कापूस पिकवला त्या वऱ्हाडातल्या कुणब्यासाठी त्या पानांवर जागा नव्हती.

लंडनची गोष्ट फार वेगळी नाही. १८८८मध्ये ‘फायनान्शियल टाइम्स’ निघाले, १८९३पासून ते गुलाबी कागदावर छापले जाऊ लागले. प्रामाणिक वित्तव्यवहारी, खरा गुंतवणूकदार, प्रतिष्ठित दलाल यांचे आपण मित्र आहोत, असे ते आरंभी सांगत असे. त्या काळी खाणींच्या समभागांचा बाजार जोरात होता. खाणीत उतरणारा मात्र त्या मित्रांच्या यादीत नव्हता. आपल्याकडे १९६१मध्ये ‘इकॉनॉमिक टाइम्स’ आणि ‘फायनान्शियल एक्स्प्रेस’ निघाली, १९७५मध्ये ‘बिझनेस स्टँडर्ड’, १९९४मध्ये ‘बिझनेस लाइन’. मालक वेगळे, वाचकाची कल्पना तीच.

यावर एक भक्कम आक्षेप आहे. भाव खरा सांगणे हीच अर्थपत्राची नीती; त्याने कणव दाखवू लागावे ही मागणी घातक आहे. कणवेने आकडा वाकला की निवृत्तिवेतनावर जगणाऱ्याची ठेवही बुडते. शिवाय खऱ्या आकड्याचा लाभ न वाचणाऱ्यालाही होतो. एप्रिल १९९२मध्ये सुचेता दलाल यांनी ‘टाइम्स ऑफ इंडिया’त स्टेट बँकेतल्या गहाळ रकमेची बातमी दिली आणि हर्षद मेहता प्रकरण उघडकीस आले. बाजारात फिरवला गेलेला पैसा बँकांचा, म्हणजे अखेर ठेवीदारांचा होता. त्यांतल्या कितीजणांनी समभागांचे पान कधी उघडले असेल?

आक्षेप मान्य आहे. म्हणूनच मी कणव मागत नाही, पूर्ण हिशेब मागतो. मुळशी आठवा. १९२१मध्ये टाटांच्या धरणाविरुद्ध मावळ्यांनी सत्याग्रह केला, सेनापती बापट त्यात उतरले. जमिनीवर सावकारांचे हक्क होते. त्यांना मोबदला हवा होता, कसणाऱ्याला जमीन. मोबदल्याचा आकडा छापला की कागदावर व्यवहार पुरा झाल्यासारखा दिसतो, पण ज्याचे नाव कागदावर नाही तो कोणत्याच रकान्यात येत नाही. ‘१,७७७ एकर उपलब्ध’ असे लिहिले तर तेही असेच अर्धे वाक्य ठरते. ती जमीन उपलब्ध नव्हती, हे जुलै २०२५मध्ये गुंतवणूकदारालाही कळले. म्हणजे पूर्ण हिशेब वाचकाच्याही हिताचा.

पण इथेच थांबणे सोयीचे होईल. समजा शेतकरी हरले असते. मग तो अर्धा हिशेब वाचकाला काहीच महाग पडला नसता. तेव्हा पत्राचे कर्तव्य संपले असते का? मला तसे वाटत नाही. अर्थपत्राचा शब्द नुसता वर्णन करत नाही, तो घडवतो. एखाद्या भागाला ‘उद्याचे औद्योगिक केंद्र’ म्हटले की तिथे पैसा वळतो, भाव चढतो, शेजारचा विकतो, न विकणारा एकटा पडतो. ज्याच्या शब्दाने दुसऱ्याचे नशीब हलते, त्याच्यावर त्या दुसऱ्याचे ऋण चढते. मग त्याने अंक विकत घेतला असो वा नसो. त्याच होबळीत काही शेतकरी योग्य मोबदल्यात जमीन द्यायलाही तयार होते. त्यांचेही ऋण तेवढेच: त्यांना आपल्या भाषेत खरा भाव कळायला हवा होता.

मराठीत याचे एक वेगळे रूप आहे. २००५पासून निघणारे ‘अ‍ॅग्रोवन’ हे शेतीचे दैनिक. त्यातले बाजारभाव विकणारा वाचतो. कांद्याचा भाव पडला तर त्याच्या दृष्टीने ती वाईट बातमी, शहरातल्या गृहिणीच्या दृष्टीने चांगली. वाचक बदलला की ‘तेजी’ आणि ‘मंदी’ या शब्दांतला सुखदुःखाचा अर्थ उलटतो. पण त्या पानालाही आपला न वाचणारा आहेच. कांदा काढणाऱ्या मजूर बाईची मजुरी बाजारभावाच्या तक्त्यात येत नाही. तिच्यासाठी रकाना कोण आखणार, हे विचारायला सुरुवात तरी त्या तक्त्यापासून करता येईल.