निदण, धान आणि डास



या रविवारच्या शुभवर्तमानातील निदणाचा दृष्टांत (मत्तय १३) शहरातल्या माणसाला समजावून सांगावा लागतो. फुलचूरात त्याची गरज नाही. रोवणी चालू आहे, आणि कालपर्यंत बांधीत चिखलात वाकून उभी असलेली माणसे आज मिस्सेला बसली आहेत. दृष्टांतातला धनी चाकरांना निदण उपटू देत नाही. त्याला निदण आवडते म्हणून नव्हे. एक उपटताना दुसऱ्याचे काय होईल, हे तो आधी पाहतो.

मागच्या खरिपात एका शेतकरी बांधवाने आम्हांला विचारले होते, "फादर, औषध मारणं पाप आहे का?" त्याच्या घरी दोघांना मलेरिया झाला होता, आणि शेतातल्या औषधानेच डास वाढतात असे कोणीतरी त्याला सांगितले होते. आम्ही हसून वेळ मारून नेली. ते बरे केले नाही. उत्तर आज देतो आहोत.

सांगणाऱ्याचे म्हणणे अर्धे खरे होते. फवाऱ्याने बांधीच्या पाण्यातील डासांच्या अळ्या मरतातच. पण त्यांना खाणारी चतुराची पिल्ले, पाणकिडे, लहान मासेही मरतात. डास अंड्यापासून उडेपर्यंत आठ-दहा दिवसांत तयार होतो, चतुराला महिने लागतात. म्हणजे रिकाम्या पाण्यात आधी परत येतो तो डासच, आणि त्याला खाणारा कोणी नसतो. युरिया जास्त पडला की शेवाळ वाढते, ते अळ्यांचे अन्न. शिवाय जे थोडे डास विषातून वाचतात, त्यांची पिल्ले त्या विषाला दाद देत नाहीत. मच्छरदाणीला लावतात त्याच जातीची औषधे आपण पिकावरही मारतो, हे विसरू नये.

आपल्या देशाने हे एकदा भोगले आहे. डीडीटीच्या बळावर १९६५ च्या सुमारास मलेरियाचे रुग्ण वर्षाला लाखभरावर आले होते. १९७६ मध्ये ते ६४ लाखांवर गेले. कारणे अनेक होती, पण डास डीडीटीला सरावले हे त्यांतले मोठे कारण, आणि तेच डीडीटी शेतांतही पडत होते. शेतीसाठी त्यावर बंदी आली ती १९८९ मध्ये.

मग पाप कोणाचे? सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही दुहेरी परिणामाचा नियम घोकला होता: चांगल्या हेतूने केलेल्या कामातून न इच्छिलेले वाईट घडले, तर दोष कितपत? आम्हांला तेव्हा तो परीक्षेपुरताच वाटला. त्या नियमाचे एक कलम मात्र कठोर आहे. कमी हानीचा मार्ग हाताशी असताना तो न पाहणे, याला हेतूची सबब चालत नाही. कर्ज काढून धान लावणारा माणूस तुडतुडे दिसताच घाबरतो, त्याला आम्ही पापी म्हणणार नाही. परंतु शेजाऱ्याने मारले म्हणून मारणे, किडा न पाहता मारणे, दुकानदार म्हणेल ते दोन-तीन डब्यांतून मिसळून मारणे, याबद्दल प्रत्येकाने आपल्या विवेकाला विचारावे. २०१७ साली यवतमाळकडे फवारणी करताना वीसच्या वर शेतकरी-मजूर दगावले, ते आपल्याच विदर्भातले होते.

कमी हानीचा मार्ग आहे. तुडतुडे लागले तर बांधीतले पाणी तीन-चार दिवस सोडून द्यावे, असे कृषी खातेही सांगते. त्याने तुडतुडा आटोक्यात येतो आणि पाण्यातल्या अळ्याही टिकत नाहीत. बुंध्याशी कोळी दिसत असतील तर थोडे थांबावे, ते आपलेच काम करीत असतात.

सगळा ताप शेतातून येत नाही, हेही सांगितले पाहिजे. डेंग्यूचा डास घरातल्या स्वच्छ पाण्यात होतो, हत्तीपायाचा गटारात. आणि परवा आम्ही सेमिटरीत गेलो तर कबरींवरच्या फुलदाण्यांत अळ्या वळवळत होत्या. मारिया मातेच्या ग्रोटोपाशीही तेच. शेतकऱ्याला उपदेश करणाऱ्या आम्हीच डास पाळले होते! येत्या शनिवारी संध्याकाळी पाच वाजता तरुणांनी सेमिटरीत यावे. फुलदाण्यांत यापुढे पाण्याऐवजी ओली वाळू भरायची आहे. वाळूची दोन घमेली पुरतील, ती आम्ही आणून ठेवतो.

— आपले प्रमुख धर्मगुरू