खोड सांगावी की झाकावी?

जुनी वस्तू विकत घेणे हा व्यवहार दिसावयास साधा. परंतु मनुष्याच्या सचोटीची जितकी कसोटी त्यात लागते, तितकी नव्या वस्तूच्या खरेदीत लागत नाही. नव्या वस्तूला मागील इतिहास नसतो. जुन्या वस्तूला तो असतो, आणि तो विकणाऱ्यास ठाऊक असून घेणाऱ्यास ठाऊक नसतो. मग आपणास ठाऊक असलेली खोड विकणाऱ्याने सांगितलीच पाहिजे काय? की घेणाऱ्यास डोळे आहेत, त्याने पाहून घ्यावे, असे म्हणून त्यास स्वस्थ बसता येईल? आणि घेणाऱ्याकडेही काही कर्तव्य येते की नाही? ह्या प्रश्नांचा विचार आजच्या लेखात करण्याचे योजिले आहे. आणि तो हवेत राहू नये म्हणून आपल्या खेड्यापाड्यांतून अलीकडे वरचेवर घडणारा एक व्यवहार, म्हणजे जुन्या लहान ट्रॅक्टराचा सौदा, उदाहरणादाखल घेऊ.

पूर्वी हाच प्रश्न बैलांच्या बाजारात पडत असे. लोक बैलाचे दात पाहत, त्यास चालवून पाहत, आणि रुमालाखाली बोटे धरून भाव ठरवीत. तरीसुद्धा नांगर ओढता ओढता मध्येच बसण्याची बैलाची खोड ही पहिल्या धन्याने सांगितल्यावाचून नव्या धन्यास पेरणीच्या दिवसापर्यंत कळत नसे. बैल गेला व यंत्र आले. खोड मात्र राहिली.

रत्नागिरी जिल्ह्यातील, गुहागर तालुक्यातले हेदवी गाव डोळ्यांपुढे आणावे. दशभुज गणेशाच्या देवळामुळे, आणि खडकाच्या ज्या चिंचोळ्या भेगेत समुद्राची लाट शिरून उंच उसळते त्या बामणघळीमुळे, हे गाव दूरवर ठाऊक आहे. परंतु तेथील शेतकऱ्याचे चित्त खाचरांत असते. जमीन जांभ्याची, खाचरे लहान आणि उतारावर पायऱ्यांसारखी एकाखाली एक. जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत. काही दिवसांच्या कामासाठी बैलजोडी वर्षभर पोसणे अनेकांस झेपत नाही, आणि मोठा ट्रॅक्टर ह्या खाचरांत वळत नाही. म्हणून १५ ते २० अश्वशक्तीचा लहान ट्रॅक्टर हवासा वाटतो. आणि नव्याची किंमत ऐकून मनुष्य जुन्याकडे वळतो.

समजा, अशा एका शेतकऱ्यास कुंभार्ली घाटापलीकडे, कराडच्या बाजूस, एक जुना ट्रॅक्टर विकाऊ असल्याचे कळले. धनी सव्वा लाख रुपये सांगतो. यंत्र धूर टाकते, लिफ्ट दम धरीत नाही. पण ‘काम किरकोळ आहे’ असे त्याचे म्हणणे. घेणाऱ्याने बायकोचे दागिने गहाण ठेवून पैसे उभे केले आहेत. हे यंत्र ऐन चिखलणीत बंद पडले तर दुरुस्ती होईपर्यंत पाऊस थांबणार नाही, आणि रोप तरव्यात जून होईल. म्हणजे ह्या सौद्यात एका कुटुंबाचा वर्षाचा तांदूळ पणास लागलेला आहे, हे ध्यानात ठेवूनच पुढील विचार केला पाहिजे.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. १८७२ सालच्या भारतीय करार अधिनियमाच्या १७ व्या कलमात कपट कशास म्हणावे हे सांगितले असून त्याच्या स्पष्टीकरणार्थ घोड्याचीच उदाहरणे दिली आहेत. सदोष घोडा लिलावात विकताना धनी त्याच्या दोषाविषयी काहीच बोलला नाही, तर तेवढ्याने ते कपट होत नाही. परंतु घेणारी त्याची स्वतःची, नुकतीच वयात आलेली मुलगी असेल, तर त्या नात्यामुळेच सांगणे त्याचे कर्तव्य होते. आणि घेणारा जर म्हणाला की, ‘तुम्ही नाही म्हटले नाही तर घोडा धडधाकट आहे असे मी समजेन’, तर त्यानंतरचे मौन हे बोलण्याबरोबरच आहे. मौनाची गोष्ट अशी. परंतु ठाऊक असलेला दोष क्रियेने झाकणे हे मात्र त्याच कलमान्वये कपटच होय. ह्यावरून सुज्ञ वाचकांस एक व्यावहारिक धडा घेता येईल. सौदा करताना स्पष्ट व चारचौघांदेखत विचारावे; विचारलेल्या प्रश्नापुढे मौन निर्दोष राहत नाही.

तथापि कायद्याने शिक्षा होत नाही तेवढे सर्व योग्य, असे कोणी समजू नये. हा वाद फार जुना आहे. ख्रिस्तपूर्व ४४ साली सिसेरो ह्या रोमन ग्रंथकाराने आपल्या पुत्रासाठी कर्तव्यांविषयी एक ग्रंथ लिहिला. त्यात दोष असलेले घर विकणाऱ्या मनुष्याची गोष्ट घेऊन दोन तत्त्वज्ञांची मते मांडली आहेत. बाबेलचा डायोजिनीस ह्याच्या मते, घ्यावयाची सक्ती कोणी केलेली नाही, घेणाऱ्याने पाहून घ्यावे. त्याचा शिष्य तार्स नगरचा अँटिपेटर ह्याचे मत उलट होते: वाट चुकलेल्यास वाट न दाखविण्यासारखेच हे आहे, किंबहुना त्याहून वाईट, कारण येथे जाणूनबुजून दुसऱ्यास चुकू दिले जाते. सिसेरोने निर्णय सांगण्याच्या बाजूने दिला.

‘गिऱ्हाइकास डोळे आहेत’ हे वचन अर्धे खरे आहे; आणि त्यातील खरा अर्धा भाग घेणाऱ्याने मनावर घ्यावा. ट्रॅक्टराचे दोष तीन प्रकारचे असतात: कोणासही दिसणारे, जाणत्यास दिसणारे, आणि केवळ धन्यास ठाऊक असलेले. पहिल्या दोहोंचा शोध घेणे हे घेणाऱ्याचे काम आहे. मौनाने घडलेल्या फसवणुकीतही, साधारण दक्षतेने सत्य कळण्यासारखे असता ती दक्षता घेतली नसेल, तर करार रद्द करता येत नाही, असे त्याच कायद्याच्या १९ व्या कलमात म्हटले आहे.

ही दक्षता कोणती? ट्रॅक्टर सकाळी, यंत्र पूर्ण गार असताना पाहावा. पोहोचताच सायलेन्सरला हात लावावा; तो कोमट असेल तर यंत्र आधीच का सुरू केले, हे विचारावे. गार यंत्राचा पांढरा धूर थोड्या वेळात विरला तर भय नाही. टिकून राहिला तर दाब कमी आहे किंवा पाणी आत शिरते आहे असा संशय घ्यावा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते, बहुधा पिस्टनच्या रिंगा झिजल्या. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. हे पुष्कळदा गाळणी तुंबल्याने होते व थोडक्यात निभावते. ऑइलची पट्टी काढून पाहावी. ऑइल दुधाळ असेल तर त्यात पाणी मिसळले आहे. मागील गिअरपेटीचे ऑइलही असेच पाहावे, कारण चिखलणी केलेल्या ट्रॅक्टरात झिजलेल्या सीलांतून तेथे पाणी जाते. औत उचलून यंत्र बंद करावे. ते भराभर खाली बसले तर लिफ्टमध्ये दोष आहे. चढावर भार घालून चालवावा, म्हणजे क्लच घसरतो की काय व गिअर सुटतो की काय ते कळते. तासांचे मीटर बंद असेल तर पायपट्ट्यांची झीज पाहावी. टायरावर कोरलेल्या चार आकड्यांत पहिले दोन आठवडा व पुढले दोन वर्ष सांगतात. एवढे पाहण्यास दोन तास लागतात. कोणी ह्यास अविश्वास म्हणेल. परंतु जो पाहतच नाही व मागाहून दुसऱ्यास दोष देतो, त्याने आपले अर्धे कर्तव्य दुसऱ्याच्या माथी मारलेले असते. सोबत फिटर न्यावा, व त्याची मजुरी आपण आधी ठरवून आपणच द्यावी. ज्याला दलालीतून वाटा मिळणार, त्याचे डोळे सौदा होण्याकडेच लागलेले असतात.

आता तिसऱ्या प्रकारचा दोष. यंत्र तापले की तासाभराने बंद पडते, मागील वर्षी एकदा हेड उघडले होते, अमुक गिअर केवळ उतारावर सुटतो, ह्या गोष्टी दोन तासांत कोणासही दिसत नाहीत. त्या धन्याजवळच असतात, व तेथून बाहेर पडण्यास त्याचे तोंड हा एकच मार्ग आहे. येथे ‘डोळे आहेत’ हा युक्तिवाद लागू पडत नाही. धूर दबावा म्हणून जाड ऑइल घालणे, गिऱ्हाईक येण्यापूर्वी यंत्र तापवून ठेवणे, गंजावर रंग चढविणे, ही तर मौनाच्याही पुढची पायरी झाली. कित्येक जण यंत्र मुद्दाम तपासून घेत नाहीत; हेतू हा की ‘मला ठाऊक नाही’ असे म्हणता यावे. खरोखर ठाऊक नसलेल्याचे हे उत्तर प्रामाणिक आहे. जाणूनबुजून जपलेले अज्ञान मात्र झाकण्याचाच एक प्रकार होय.

येथे विकणाऱ्याची बाजूही ऐकली पाहिजे, कारण तोही पुष्कळदा गरीबच असतो. तो म्हणेल, ‘मुलाच्या दवाखान्याचे देणे आहे. खरे सांगितले तर तीस हजार कमी येतील.’ हे दुःख खरे आहे. परंतु ते तीस हजार रिंगा झिजल्या त्याच दिवशी गेलेले आहेत. त्याच्या मौनाने तो तोटा भरून येत नाही. तो केवळ एका घरातून उठून दुसऱ्या घरात जातो, आणि तेथे तो कोणाच्याही संमतीवाचून जातो. अडचणीत असलेल्या मनुष्याने मदत मागावी, मुदत मागावी. परंतु आपले देणे अजाण मनुष्याच्या नावावर लिहून टाकू नये. उलट खोड सांगून विकलेला मोडका ट्रॅक्टर हा निर्दोष सौदा आहे. ज्याच्या घरी फिटर मुलगा आहे त्यास तो परवडेल, आणि त्याला तो मिळणे हेच योग्य.

काही दोष तर किंमत कमी करूनही मिटत नाहीत. धुराचा भुर्दंड घेणाऱ्यास पडतो, व तो त्याने जाणून पत्करला तर प्रश्न संपला. ब्रेकाचे तसे नाही. ट्रॅक्टरास डाव्या व उजव्या चाकाचे ब्रेक निराळे असतात, व रस्त्यावर दोन्ही पायपट्ट्या एकत्र अडकवून चालवावे लागते. एका बाजूचा ब्रेक अधिक धरू लागला तर उतारावर यंत्र एकाएकी वळून उलटते. त्याखाली सापडणारा चाकरीचा चालक किंवा वाटेवरचे मूल सौद्याच्या वेळी हजर नसते, आणि त्यास कोणी सूट दिलेली नसते. म्हणून ब्रेक व स्टेअरिंग ह्यांचे दोष सांगितल्यावाचून ट्रॅक्टर दावणीबाहेर काढू नये, आणि घेणाऱ्याने ते दुरुस्त केल्यावाचून रस्त्यावर आणू नये.

घेणाराही निष्पाप असतोच असे नाही. नसलेले दोष काढून, फिटरास डोळा घालून, धन्याचा धीर खचविणे हेही खोटे बोलणेच आहे. घेताना मालास नावे ठेवून घरी गेल्यावर फुशारकी मारणारे गिऱ्हाईक नीतिसूत्रांच्या कर्त्यासही ठाऊक होते. ह्याहून सूक्ष्म प्रश्न असा: धनी समजतो की यंत्र संपले, व भंगाराचा भाव सांगतो, परंतु घेणाऱ्यास दिसते की केवळ गाळणी तुंबली आहे. त्याने सांगावे काय? आपल्या कसबाचे मोल घेण्याचा त्यास हक्क आहे, व थोडा नफा त्याचा न्याय्य आहे. पण धन्याने ‘काय बिघडले असेल?’ असे विचारले असता ‘इंजिन गेले’ म्हणणे ही चोरी होय. आणि न विचारताही, भंगार व चालते यंत्र ह्यांतील सर्व अंतर अडलेल्या मनुष्यापासून उपटणे हे शेजाऱ्यास शोभत नाही. ह्यास एक सोपी परीक्षा आहे. आज जे ठाऊक होते ते उद्या त्याच मनुष्यास तोंडावर सांगता येईल काय? ते सांगावे लागू नये म्हणून त्याची वाट टाळावीशी वाटत असेल, तर भाव चुकला आहे असे समजावे.

कागदांतही खोड असते. पुस्तकावरील चासी व इंजिन क्रमांक यंत्रावरील क्रमांकांशी ताडून पाहावेत; बँकेचा बोजा फिटल्याचा दाखला मागावा. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाच्या ५० व्या कलमाप्रमाणे राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांत व घेणाऱ्याने ३० दिवसांत नोंदणी अधिकाऱ्यास कळवावयाचे असते. ह्यात आळस करणारा विकणारा आपलेच नुकसान करतो. कारण दप्तरी ज्याचे नाव तोच अपघाताच्या भरपाईस जबाबदार, असे २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार ह्या खटल्यात ठरविले आहे.

गावात असे सौदे होतात तेव्हा शिक्षकास, उपदेशकास किंवा एखाद्या वडीलधाऱ्या गृहस्थास मध्यस्थ म्हणून नेण्याची चाल आहे. अशा बंधूंस विनंती की, केवळ भाव जुळविणे एवढेच आपले काम समजू नये. एक कागद घ्यावा. धन्यास त्याच्या ठाऊक असलेल्या खोडी एकेक करून विचाराव्या, घेणाऱ्यास त्याने पाहिलेल्या विचाराव्या, त्या सर्व लिहून दोघांच्या सह्या घ्याव्या, आणि मग भावाची गोष्ट काढावी. दोघांस सारखेच ठाऊक झाल्यावर जो भाव ठरेल, तो थोडा चढा असो की उतरता, त्यास अन्याय्य म्हणता येणार नाही. आणि पुढे यंत्र बिघडलेच तर घेणारा त्याच धन्याकडे सल्ला विचारावयास जाऊ शकेल.