निरुत्तर करणे आणि उत्तर देणे



२० डिसेंबर २०२५ रोजी नवी दिल्लीच्या कॉन्स्टिट्यूशन क्लबमध्ये ‘ईश्वर आहे काय?’ या विषयावर कवी व पटकथाकार जावेद अख्तर आणि मुफ्ती शमाइल नदवी यांच्यात जाहीर चर्चा झाली, हे आपणांपैकी बहुतेकांना ठाऊक आहे. तिची चित्रफीत वसमतच्या मोंढ्यापासून हिंगोलीच्या चहाच्या टपऱ्यांपर्यंत सर्वत्र फिरली. मशिदीच्या ओट्यावरही कित्येक दिवस एकच प्रश्न ऐकू येत होता : कोण जिंकले? ‘त्यातून आपल्याला नवे काय कळले?’ असे मात्र मी कोणाच्या तोंडून ऐकले नाही.

प्रामाणिकपणे पाहिले तर युक्तिवाद म्हणून त्यात नवे फारसे नव्हते. जे अस्तित्वात आहे पण नसतेही चालले असते, अशा सर्व वस्तूंच्या मुळाशी ज्याचे नसणे शक्यच नाही असे एक अस्तित्व मानावे लागते, हा विचार इब्ने सीना यांनी हजार वर्षांपूर्वी मांडला. त्यांचे निधन इ.स. १०३७ चे. आणि ईश्वर दयाळूही आहे व सर्वशक्तिमानही आहे, तर निष्पाप मुले का मरतात, ही शंका एपिक्युरस या ग्रीक तत्त्वज्ञाच्या नावाने इसवी सनापूर्वीपासून चालत आली आहे. दोन्ही बाजू जुन्या, दोन्ही बाजूंची शस्त्रे जुनी. मग असे वाद बंदच करावेत काय?

पवित्र कुरआनने वाद वर्ज्य केलेला नाही; तो उत्तम रीतीने करावा, असे सांगितले आहे. खुद्द हजरत इब्राहीम (अ.) यांचा एका राजाशी झालेला वाद सूरह अल-बकरामध्ये आला आहे. माझा पालनकर्ता जीवन व मृत्यू देतो, असे इब्राहीम (अ.) म्हणाले, तेव्हा ते तर मीही करतो, अशी बढाई राजाने मारली. इब्राहीम (अ.) त्या फाट्यात अडकले नाहीत. सूर्य पूर्वेकडून उगवतो, तू तो पश्चिमेकडून आणून दाखव, एवढेच त्यांनी म्हटले आणि सत्तेच्या मदात असलेला तो माणूस स्तंभित झाला. हा प्रसंग आपण मोठ्या अभिमानाने सांगतो. परंतु आयतीचा शेवट लक्षपूर्वक वाचा. राजा निरुत्तर झाला, इतकेच तेथे म्हटले आहे. त्याने इमान आणल्याचा उल्लेख नाही. उलट, अत्याचारी लोकांना अल्लाह मार्ग दाखवीत नाही, असे पुढे आले आहे. प्रेषिताच्या मुखातून आलेला अकाट्य युक्तिवादसुद्धा अहंकारी माणसाची केवळ जीभ बंद करू शकला.

हे मला फार उशिरा कळले, आणि ते कळण्यास एक प्रसंग कारण झाला. नरसीच्या बाजूच्या एका खेड्यातील, महाविद्यालयात शिकणारा मुलगा असरच्या नमाजनंतर माझ्याजवळ येऊन बसला. ती चर्चा त्याने तीनदा ऐकली होती. “चाचा, मला हरजीत नको,” तो म्हणाला, “माझी नऊ वर्षांची बहीण तापाने गेली. आम्ही सगळे दुआ करत होतो. मग?” घरी हाच प्रश्न विचारल्यावर वडिलांनी, असले बोलणे कुफ्र आहे, म्हणून दरडावले होते. मी दरडावले नाही. मी त्याहून वाईट केले. परीक्षा, मनुष्याचे मर्यादित ज्ञान, परलोकातील भरपाई, असे एकापाठोपाठ एक मुद्दे मी त्याच्यापुढे मांडले. ते मुद्दे खोटे नव्हते. आजही मी त्यांवर विश्वास ठेवतो. मुलगा मान खाली घालून ऐकत राहिला आणि ‘बरं’ म्हणून निघून गेला. आपण छान समजावले, अशा समाधानात मी घरी आलो. रात्री केव्हातरी लक्षात आले की, इब्राहीम (अ.) यांनी जे राजाला केले, ते मी एका दुःखी पोराला केले होते. तो तर राजा नव्हता.

वादाची ही विकृती आपल्या पूर्वसूरींना चांगली माहीत होती. इमाम गज़ाली (इ.स. १०५८–११११) हे बगदादच्या निज़ामिया मदरशाचे प्रमुख आचार्य, त्या काळातील अव्वल वादपटू. त्यांनीच ‘इह्या उलूमिद्दीन’मध्ये वादातून उपजणाऱ्या व्याधींची यादी दिली आहे : मत्सर, गर्व, प्रतिपक्षाची फजिती झाल्याचा आनंद. सत्यासाठी वाद करणारा हा हरवलेली वस्तू शोधणाऱ्यासारखा असावा, असे ते म्हणतात. ती आपल्या हाती सापडली काय किंवा सोबत्याच्या हाती, त्याला आनंद सारखाच. ही कसोटी आजच्या कोणत्याही जाहीर वादाला लावून पाहा. विशेष म्हणजे गज़ाली यांना स्वतःलाही संशयाने ग्रासले होते. सुमारे दोन महिने आपण त्या अवस्थेत होतो, असे त्यांनी आत्मकथनात उघडपणे लिहिले आहे, आणि त्यातून सुटका रचलेल्या पुराव्यांनी नव्हे, तर अल्लाहने अंतःकरणात टाकलेल्या प्रकाशाने झाली, हेही. इस्लामचा एवढा मोठा विद्वान आपला संशय लिहून ठेवतो आणि आपल्या घरातील मुलाने तो उच्चारताच आपण त्याला कुफ्रचा शिक्का मारतो!

तर मग आस्तिक-नास्तिक वादातून नवे काही निघालेच नाही काय? निघाले आहे, पण ते व्यासपीठावर नव्हे. आपल्याच महाराष्ट्रातील वर्धा जिल्ह्यात, सेवाग्रामला, नोव्हेंबर १९४४ मध्ये आंध्रातील निरीश्वरवादी कार्यकर्ते गोपराजू रामचंद्र राव, म्हणजे ‘गोरा’, गांधीजींना भेटले. अस्पृश्यता मोडण्यासाठी ते खेड्यापाड्यांत काम करीत होते आणि देव-दैव मानल्यामुळेच माणूस अन्याय मुकाट सोसतो, असे त्यांचे म्हणणे होते. गांधीजी पक्के ईश्वरवादी. दोघांत संवाद होत राहिला, कोणीही आपला पक्ष सोडला नाही. मात्र गोरांच्या मुलीचा विवाह एका दलित तरुणाशी ठरला, तेव्हा विधीत ईश्वराच्या नावाऐवजी सत्याचे नाव घेण्यास गांधीजींनी मान्यता दिली. गांधीजींची हत्या झाल्यावर, मार्च १९४८ मध्ये, तो विवाह सेवाग्रामलाच झाला. मुसलमान म्हणून मी गांधीजींच्या या तडजोडीशी सहमत होऊ शकत नाही; निर्मात्याचे नाव ही आमच्या दृष्टीने बदलता येण्याजोगी गोष्ट नाही. परंतु गोरांच्या आक्षेपातील खरा डंख त्यांनी ओळखला, हे मान्य केलेच पाहिजे. तुम्ही नशिबाच्या नावावर माणसाला तुडविता काय, असा तो सवाल होता. हा सवाल मोहल्ल्यातील बिरादरीच्या उच्चनीचतेबद्दल आम्हालाही कोणी विचारू शकतो, आणि त्याला वाजिबुल वुजूदचा सिद्धान्त हे उत्तर नव्हे.

असेच काहीसे डॉ. श्रीराम लागू आणि डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्याबाबत म्हणता येईल. लागू ‘परमेश्वराला रिटायर करा’ म्हणत. त्याच व्यासपीठावर दाभोलकर आपल्या संघटनेची वेगळी भूमिका मांडत, की आमचा विरोध देवाला नाही, देवाच्या नावाने होणाऱ्या शोषणाला आहे. पुढे, २० ऑगस्ट २०१३ रोजी, पुण्यात दाभोलकरांची हत्या झाली. बुवाबाजी, गंडेदोरे, उतारे यांचा विषय निघाला की कित्येक श्रद्धावंत मुसलमानांना आपण त्यांच्याच बाजूचे आहोत, हे कबूल करावे लागते.

याला आमच्याकडे फार मोठा आधार आहे. आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांचे चिमुकले पुत्र इब्राहीम मदीनेत वारले. प्रेषितांचे (स.) डोळे वाहू लागले. पाहणाऱ्यांना नवल वाटले, तेव्हा, ही करुणा आहे, असे त्यांनी सांगितले; डोळे रडतात, अंतःकरण दुःखी होते, परंतु मुखातून आम्ही पालनकर्त्याला आवडेल तेच बोलतो, असा त्यांच्या उद्गारांचा आशय आहे. त्याच दिवशी सूर्यग्रहण झाले. इब्राहीमच्या मृत्यूमुळे सूर्य काळवंडला, असे लोक म्हणू लागले. शोकात बुडालेल्या पित्याला किती सहज दिलासा मिळाला असता! तरीही प्रेषितांनी (स.) स्पष्ट सांगितले की, सूर्य व चंद्र या अल्लाहच्या निशाण्या आहेत, कोणाच्या मरणाने वा जगण्याने त्यांना ग्रहण लागत नाही. बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत हे आले आहे. त्या दिवशी त्यांनी मृत्यूचे कारण समजावून सांगण्याचा प्रयत्न केला नाही. ते रडले, आणि खोट्या दिलाशाला जवळ येऊ दिले नाही.

आणखी एक हदीस घराघरांत वाचली जावी, असे मला वाटते. काही सहाबा प्रेषितांकडे (स.) आले आणि म्हणाले की, आमच्या मनात अशा गोष्टी येतात की त्या उच्चारणेही आम्हाला भयंकर वाटते. प्रेषितांनी (स.) विचारले, खरेच असे वाटते काय? होय, असे ते म्हणताच प्रेषितांनी (स.) उत्तर दिले की, हेच तर स्पष्ट इमान आहे. सहीह मुस्लिममध्ये ही हदीस आहे. ज्याला संशयाची वेदना होते, त्याच्या ठायी काहीतरी जिवंत आहे. ही वेदना घेऊन सहाबा कोणाकडे जाऊ शकले, हे पाहा. आणि आपली मुले कोणाकडे जातात, हेही पाहा. मोबाइल त्यांच्यावर कधी ओरडत नाही.

मी त्या मुलाला निरोप पाठवून पुन्हा बोलावले. या वेळी मुद्दे मांडले नाहीत. बहिणीचे नाव विचारले, ती काय शिकत होती ते विचारले, आणि प्रेषितपुत्र इब्राहीमची हकिकत सांगितली. त्याचा प्रश्न सुटला, असा माझा दावा नाही. पुढच्या जुम्याला तो वडिलांना घेऊन आला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मुलाकडे न पाहताच म्हणाले, “तिला कबरीत उतरवताना माझ्याही मनात हेच आले होते. मी कोणाला सांगितले नाही.”